सोळा सेंटिमीटर आणि तीन मिलिमीटर

भाची नोकरीसाठी टोकियोला गेली, तेव्हापासून नाशिकच्या आमच्या घरात अंतर हा वादाचा विषय झाला आहे. येणारे विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोहोचते, असे ताईचे ठाम मत होते, आणि पुरावा तिकिटावर छापलेलाच होता. मुंबईहून रात्री आठला निघालेले विमान सकाळी साडेसातला टोकियोत उतरते, म्हणजे साडेअकरा तास. उलट तिकडून संध्याकाळी पाचला निघालेले रात्री अकराला मुंबईत, म्हणजे अवघे सहा.

दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचा फरक आहे. तो जाताना वजा केला आणि येताना मिळवला, की निकाल उलटा लागतो: जायला आठ तास, यायला साडेनऊ. अंतर तेवढेच, सुमारे ६,८०० किलोमीटर. पण नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रचंड झोत वाहतो, आणि हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो, येणाऱ्याला समोरून अडवतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हा वारा मोजला आणि १९२६ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला, तोही एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. जगाला कळावे म्हणून निवडलेली ती भाषा जगात फारच थोड्यांना येत होती, त्यामुळे अहवालाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. मला या गृहस्थांविषयी फार आपुलकी वाटते, कारण ताईला वाऱ्याचे गणित पटवताना माझीही तीच गत झाली.

शेवटी मी माळ्यावरचा, ३० सेंटिमीटर व्यासाचा जुना पृथ्वीगोल काढला आणि मुंबई ते टोकियो दोरा ताणून धरला. तो भूतान आणि पूर्व तिबेटवरून गेला. विमाने मात्र सहसा तो उंच मुलूख टाळतात, कारण केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाल्यास तातडीने तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे. दोरा पट्टीवर ठेवला तर जेमतेम १६ सेंटिमीटर भरला. ताईने चष्मा पुसला आणि विचारले, “आणि नाशिक ते मुंबई किती?” ते तीन मिलिमीटर भरले, गाठ मारायलाही दोरा पुरला नसता.

पुढे भाची सुट्टीवर आली, तेव्हा समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपुढचा टप्पा खुला झालेला नव्हता. विमान वेळेवर उतरले, सामानही वेळेवर मिळाले, आणि कसारा घाटात एक ट्रक आडवा झाल्यामुळे गाडी पहाटेपर्यंत जागची हलली नाही. सकाळी आठला दारात उभ्या असलेल्या मुलीला ताईने टोकियोविषयी काहीच विचारले नाही. “घाटात किती वेळ गेला?” एवढेच विचारून ती चहा टाकायला आत वळली.