यीस्टच्या श्वसनाचे पट्टे: चौथी नोंद, एका दुरुस्तीसह

मागच्या नोंदीतील एक विधान आज मला मागे घ्यावे लागत आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. कोमट पाण्यात यीस्ट कालवून साखर घातल्यावर ४० मिनिटांत पाण्याचा सामू (आम्लतेचे माप, प्रोटॉन वाढले की तो उतरतो) ६.१ वरून ४.४ वर उतरला होता, आणि ही उतरण म्हणजे तंतुकणिकांनी, म्हणजे पेशीत श्वसन चालवणाऱ्या घटकांनी, पटलापलीकडे ढकललेल्या प्रोटॉनांचा पुरावा आहे, असे मी लिहिले होते. ती नोंद वाचून परभणीच्या एका मित्राने एकच प्रश्न विचारला: हवा तोडली तरी सामू उतरतो का? मी पाणी उकळून, झाकून गार केले, सामूमापक आधीच त्यात बुडवून ठेवला, यीस्ट आणि साखर घातली आणि वर करडईच्या तेलाचा बोटभर थर सोडला. सामू जवळपास तितकाच उतरला. श्वसनाला प्राणवायू लागतो. तो तोडल्यावरही जे तसेच चालू राहते, ते श्वसनाच्या खात्यावर मांडता येत नाही.

मग ते प्रोटॉन आले कोठून? यीस्ट पेशीच्या बाहेरच्या पटलात एक स्वतंत्र पंप असतो. तो एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्च करून प्रोटॉन बाहेर टाकतो आणि साखर मिळताच जोर धरतो. त्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची आणि पेशीने सोडलेल्या सेंद्रिय आम्लांची भर पडते. तंतुकणिकेतील व्यवहार याच्या उलट आहे. तेथे प्रोटॉन ढकलायला एटीपी लागत नाही, उलट ढकललेले प्रोटॉन परत येताना एटीपी तयार होतो, आणि ही सारी ये-जा तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंना, पेशीच्या पोटातच चालते. ग्लासात बुडवलेल्या मापकाला तिचा थेट पत्ता लागत नाही.

म्हणून गेला दीड महिना मी सामू बाजूला ठेवून रंगांकडे वळलो आहे. १९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी स्पेक्ट्रोस्कोपमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून) यीस्ट पाहिले, तेव्हा त्यांना वर्णपटात काळसर पट्टे दिसले. यीस्टचे द्रावण हवेत हलवले की ते पट्टे नाहीसे होत आणि स्थिर ठेवले की परत येत. या रंगद्रव्यांना त्यांनी सायटोक्रोम असे नाव दिले. हा प्रयोग घरी करता येण्याजोगा आहे, आणि माझ्या मते आपल्या छंदातील दुसरा कोणताही प्रयोग श्वसनाच्या इतक्या जवळ नेत नाही.

बेकरीतून आणलेले ताजे, वडीचे यीस्ट मी धिरड्याच्या पिठाइतके दाट कालवतो आणि दीड सेंटिमीटर जाडीच्या चपट्या काचेच्या बाटलीत भरतो. मागे मोटारसायकलच्या जुन्या हेडलाइटचा तारेचा बल्ब १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावतो, कारण पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये खळगा असतो आणि तो डोळ्यांना फसवतो. खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या टाकाव्या लागतात. मार्चअखेरीस आमच्या अंबाजोगाईत दुपारी बंद खोलीत बसवत नाही आणि यीस्टलाही ती उष्णता मानवत नाही, त्यामुळे सारे काम पहाटे पाचच्या सुमारास होते.

पहिले दहा-बारा दिवस तांबूस धुरकटपणापलीकडे काही दिसले नाही. स्पेक्ट्रोस्कोपची फट मी फार रुंद ठेवत होतो. ती केसाइतकी अरुंद केली आणि डोळे पंधरा मिनिटे अंधाराला सरावू दिले, तेव्हा हिरव्या रंगात एक बारीक रेघ उमटली, तिला खेटून एक पुसट रेघ, आणि दूर नारिंगी रंगात तिसरी, रुंद आणि मंद. हिरव्यातील रेघ ५५० नॅनोमीटरची, म्हणजे सायटोक्रोम सी. तिच्या शेजारची ५६० च्या आसपासची, सायटोक्रोम बी. आणि नारिंगीतील ६०४ ची, सायटोक्रोम ऑक्सिडेजची. मुलगी बाटली जोराने हलवून पुन्हा जागेवर ठेवायची आणि विचारायची, "गेले का, बाबा?" गेलेले असत. मग मी मोठ्याने आकडे म्हणू लागायचो, आणि दहा-बाराच्या आत आधी हिरवी रेघ, मग बाकीच्या परत दिसू लागत. तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकले, तर यीस्टमधील कॅटलेज हे विकर त्यातून प्राणवायू मोकळा करते आणि पट्टे अधिक वेळ गायब राहतात. मात्र फेस बाटलीबाहेर येतो, तेव्हा खाली ताट ठेवावे.

पट्टा दिसणे म्हणजे सायटोक्रोमजवळ इलेक्ट्रॉन साठलेले असणे, आणि पट्टा जाणे म्हणजे ते इलेक्ट्रॉन प्राणवायूकडे निघून जाणे. प्रोटॉन मला दिसत नाहीत, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो. पण इलेक्ट्रॉनांच्या याच वाटेवर प्रोटॉन पटल ओलांडतात.

आपल्या पेशींत इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या या साखळीच्या आरंभी प्रथिनांचे एक मोठे संकुल असते, जे दर दोन इलेक्ट्रॉनांमागे ४ प्रोटॉन ढकलते. बेकरीच्या यीस्टमध्ये ते नाहीच. त्याच्या जागी एक साधे विकर एनएडीएचकडून (अन्नातले इलेक्ट्रॉन आणून देणाऱ्या रेणूकडून) इलेक्ट्रॉन घेऊन युबिक्विनोनला, म्हणजे पटलात फिरणाऱ्या क्विनोनला, देते आणि एकही प्रोटॉन हलवत नाही. पुढचे तिसरे संकुल, ज्यात सायटोक्रोम बी बसलेले आहे, खऱ्या अर्थाने पंप नव्हे. त्याचे काम मोटेसारखे आहे. क्विनोनचा रेणू पटलाच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांनी भरतो, चरबीच्या थरातून सरकत बाहेरच्या बाजूला येतो आणि तेथे रिता होतो. भरलेल्या क्विनोनचे दोन इलेक्ट्रॉन तेथे दोन वाटांना लागतात, एक सायटोक्रोम सीकडे आणि दुसरा सायटोक्रोम बीमधून मागे फिरून आतल्या बाजूच्या रिकाम्या क्विनोनकडे. या फेऱ्यामुळेच साखळीतून पुढे जाणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांमागे बाहेर ४ प्रोटॉन सुटतात. हा क्विनोन-फेरा पीटर मिचेल यांनी १९७५ साली मांडला. पटलापलीकडच्या प्रोटॉनांतूनच एटीपी घडतो हा त्यांचा मूळ सिद्धांत १९६१ चा, आणि त्यासाठी त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

नारिंगी पट्ट्याचे ऑक्सिडेज, म्हणजे प्राणवायूला इलेक्ट्रॉन देणारे चौथे संकुल, मात्र जागच्या जागी बसून उपसणारा पंप आहे. मॉर्टेन विकस्ट्रॉम यांनी १९७७ साली ते दाखवले, आणि मिचेल यांना ते कितीतरी वर्षे मान्य नव्हते. प्राणवायूच्या एका रेणूचे पाणी होताना ४ प्रोटॉन आतून घेऊन पाण्यातच खर्ची पडतात आणि आणखी ४ पलीकडे उपसले जातात. प्रथिनाच्या पोटातील पाण्याच्या रेणूंच्या ओळीतून ते हातोहात पुढे सरकतात. २०१९ साली क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने मिळालेल्या रचनांत यीस्टची ही तिसरी आणि चौथी संकुले एकमेकांना चिकटलेली दिसली. माझ्या फटीतील हिरवी आणि नारिंगी रेघ प्रत्यक्षात किती शेजारी राहणाऱ्या रेणूंची आहे, हे समजल्यापासून मी त्या दोन्ही एकाच नजरेत धरू पाहतो.

हिशेब असा बसतो. दोन इलेक्ट्रॉनांमागे यीस्टमध्ये ४ आणि २ मिळून ६ प्रोटॉन पलीकडे जातात, आपल्याकडे १०. परतीच्या वाटेवर, पाणचक्कीत नहरीच्या पाण्याने पाते फिरावे तसे, एटीपी सिंथेजचे, म्हणजे एटीपी घडवणाऱ्या विकराचे, चक्र फिरते. यीस्टमध्ये एका फेऱ्याला १० प्रोटॉन लागतात आणि ३ एटीपी मिळतात, शिवाय फॉस्फेट आत आणायला दर एटीपीमागे एक प्रोटॉन जातो. म्हणजे एका एनएडीएचमागे यीस्टच्या पदरात साधारण १.४ एटीपी पडतो, आणि आपल्या सुमारे २.७.

गुळाच्या पाण्यात वाढवलेल्या यीस्टचा लगदा पाहिला, तेव्हा नारिंगी पट्टा जेमतेम जाणवला. भरपूर साखर असली की यीस्ट हवेतही किण्वनावरच भागवते आणि श्वसनाची विकरे फारशी बनवत नाही. त्यामुळे १४ तारखेला औषधांच्या दुकानातील ग्लिसरीन, यीस्ट उकळून गाळलेले पाणी आणि मत्स्यपेटीचा हवापंप घेऊन दुसरी बाटली लावली, कारण ग्लिसरीनवर जगायचे तर श्वसनाखेरीज मार्ग नाही. ती गढूळ व्हायलाच तीन दिवस लागले, गुळाची एका रात्रीत फसफसली होती. काल पहाटे ग्लिसरीनच्या बाटलीचा चमचाभर लगदा निथळून पाहिला: ६०४ ची रेघ आजवर पाहिलेल्या सगळ्यांत ठळक होती, आणि मुलीलाही ती मी न सांगता सापडली.