कण्याच, पण तासभर ढवळलेल्या

"अमेरिकेत जाऊन कण्याच खायच्या होत्या तर लातूर काय वाईट होतं गं?" नाश्त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि आत्याचा हा मेसेज आला. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हा हे सविस्तर उत्तर, आत्यासकट सगळ्यांना.

हो, ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्याच. पण मी राहते त्या जॉर्जियात त्यांचा मान एवढा, की २००२ साली राज्याने त्यांना आपला अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केलं. शेजारच्या साउथ कॅरोलायनात सेंट जॉर्ज नावाच्या गावी ग्रिट्सची जत्रा भरते, तिथे तर लोक ग्रिट्सने भरलेल्या हौदात लोळतात. ज्याच्या अंगाला आणि कपड्यांना सगळ्यात जास्त ग्रिट्स चिकटल्या, तो जिंकला. अन्नात लोळायची कल्पना मला अजून पचलेली नाही, ते जाऊ दे.

माझा खरा राग आहे तो पाकिटातल्या झटपट ग्रिट्सवर. हॉटेलातल्या फुकट नाश्त्याच्या टेबलावर एक मोठं भांडं असतं. झाकण उचललं की आत पांढरीफटक खळ, वर जाडसर पापुद्रा, आणि डाव खुपसला तर तो तसाच उभा. ना मीठ, ना मक्याचा वास. वास येणार कुठून? दुकानात महिनोन्‌महिने टिकावं म्हणून दाण्यातला अंकुरच काढून टाकलेला असतो. तेल त्यात आणि चवही त्यातच. वर झटपटवाल्या तर आधीच शिजवून वाळवलेल्या. आपल्याकडून आलेले पाहुणे ही खळ एकदा चाखतात आणि "या लोकांना जिभाच नाहीत" असा निकाल देऊन मोकळे होतात. एरवी अमेरिकनांच्या खाण्याला नावं ठेवण्यात मी सगळ्यांच्या पुढे. पण या एका बाबतीत मी त्यांची वकिली करत बसते आणि नवरा गालातल्या गालात हसतो.

मला खऱ्या ग्रिट्स खाऊ घातल्या त्या शेजारच्या आजींनी. इथे वडीलधाऱ्या बाईंना नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मीही तशीच मारते. त्या मला 'हनी' म्हणतात. त्यांच्या फ्रीझरमध्ये जात्यावर दळलेल्या ग्रिट्सची कापडी पिशवी असते. अंकुरासकट दळलेल्या, म्हणून बाहेर ठेवल्या तर खवट होतात. त्यातलं अर्धं त्यांनी मला काढून दिलं आणि आपल्यासमोर शिजवायला लावलं.

एक वाटी कण्या पाण्यात घालून हलवायच्या आणि जरा थांबायचं. टरफलं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून टाकायची. मग चार-पाच वाट्या पाणी आणि मीठ. मीठ सुरुवातीलाच, यावर आजी कडक आहेत. मागाहून घातलेलं मीठ कणीच्या आत शिरत नाही. उकळी आली की आच अगदी मंद, आणि पाऊण ते एक तास अधूनमधून ढवळत राहायचं. घट्ट झालं की गरम पाण्याचा हबका. फदफद करत बुडबुडे फुटतात आणि एखादा नेमका मनगटावर उडतो. कणी बोटांत चिरडून बघायची: मधे खर लागली, तर अजून वेळ आहे. शेवटी लोणी.

आता वरची गंमत. सव्हानापासून चार्ल्सटनपर्यंतच्या किनाऱ्यावर ग्रिट्सवर कोळंबी घालतात. मी कोलार्डची पानं घालते. कोबीच्याच कुळातली, पण जाड आणि राठ. इथे ती धुरावलेल्या डुकराच्या मांसाबरोबर तासन्‌तास शिजवतात. मी बारीक चिरून लसूण, मोहरी, सुक्या मिरचीच्या फोडणीत परतते आणि ग्रिट्सच्या मधोमध खळगा करून त्यात ओतते. आजींनी फोडणीकडे भुवया उंचावून पाहिलं. पाहू देत. त्यांच्याकडे कुणी ग्रिट्सवर साखर घातली की त्या जसं बघतात, त्यापेक्षा हे सौम्यच होतं.

शिवाय माझ्या बाजूने इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच दक्षिणेत गरीब माणसं मका, खारवलेली चरबी आणि काकवी यांवर जगायची आणि पेलाग्रा नावाच्या रोगानं मरायची. हा संसर्ग नसून आहाराची उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी १९१४ नंतरच्या दशकात दाखवून दिलं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. इथले मूळ रहिवासी दाणे राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, त्याने ते मोकळं होतं. गोऱ्यांनी मका उचलला, राख मागे ठेवली. म्हणून नुसत्या ग्रिट्स म्हणजे अर्धंच जेवण. सोबत पालेभाजी, अंडं, मासळी, काहीतरी हवंच. माझ्या फोडणीला एवढा आधार पुरे.

आत्या, तुला करून बघायच्या असतील तर मक्याचा जाड रवा आण. कॉर्नफ्लोअर नको, त्याची खळच होईल. चीज घालणार असशील तर गॅस बंद करून, ताजं किसून. आणि वेळ नाही म्हणून कुकरला लावल्यास, तर फोटो ग्रुपवर टाकू नकोस. आजींना दाखवते मी सगळे फोटो.