आमची वाटचाल आणि त्यातला 'प्ले'

रानडे इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडले तेव्हा जवळ निक्यूचं सर्टिफिकेट (जपानी भाषेची दुसरी पातळी; 2010च्या आधीची, चारच पातळ्या असलेली परीक्षा), सेकंडहँड डेन्शी जिशो (खिशातला इलेक्ट्रॉनिक शब्दकोश) आणि वर्गातली एक मैत्रीण, एवढंच भांडवल. दोघींनी मिळून इंग्रजी-जपानी तांत्रिक भाषांतराचं काम सुरू केलं. पहिली वर्षं सगळ्यांची जातात तशीच गेली.

बुडायची वेळ आणली ती 'प्ले' या एवढ्याशा शब्दाने.

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल होतं. क्लच पेडल दाबलं की आधी थोडं मोकळं जातं. तो प्ले मुद्दाम ठेवलेला असतो. जपानीत त्याला 'आसोबी' म्हणतात, म्हणजे शब्दशः खेळच. आम्ही खूश, इतकं सरळ कधी जुळतं? पण बॉल जॉइंट झिजून खुळखुळायला लागला तर इंग्रजीत तोही प्लेच. जपानी मेकॅनिक त्याला आसोबी म्हणणार नाही, तो 'गाता' (गाण्याशी संबंध नाही). आसोबी मापात ठेवायचा, गाता मुळात असताच कामा नये.

काम ट्रॅडॉसवर चालायचं, म्हणजे आधी केलेलं वाक्य पुन्हा आलं की जुनंच भाषांतर भरणाऱ्या सॉफ्टवेअरवर. 'चेक फॉर प्ले' हे वाक्य क्लचच्या प्रकरणात एकदा झालं आणि पुढे बॉल जॉइंटपाशी शंभर टक्के मॅच म्हणून आपोआप भरलं. मॅचचे पैसे एजन्सी देत नाही, म्हणून मॅच कोणी वाचत नाही. आम्हीही वाचलं नाही. तिकडच्या इंजिनिअरची एका ओळीची मेल आली: बॉल जॉइंटला आसोबी किती ठेवायचा? बिल अडकलं. दर पाडून घेणाऱ्या एजन्सीने हात वर केले. मैत्रिणीने त्याच महिन्यात स्वतःचं ऑफिस थाटलं, जाताना आमचा टर्मबेसही, म्हणजे दोन्ही भाषांतल्या शब्दांचा जमवलेला कोश, नेला. सात हजार नोंदी, त्यातल्या निम्म्याहून जास्त मी रात्री जागून भरलेल्या. हा विषय काढायचा नाही असं दर वेळी ठरवते.

तेव्हा भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्या काकांनी सावरलं. शॉपमध्ये नेलं, जुन्या लेथला डायल गेज (बारीकशी हालचालही दाखवणारं काट्याचं मापक) लावला आणि मला स्पिंडल हाताने हलवायला सांगितलं. काटा सरकला. "हा प्ले काढायचा. माझ्या गाडीच्या पेडलचा ठेवायचा. दोन्हींना एकच शब्द कसा गं चालेल तुझा?" त्या दिवसापासून त्यांचं एकही जपानी ड्रॉइंग दुसरीकडे गेलेलं नाही, आणि माझं बिल कधी पंधरा दिवसांवर थांबलेलं नाही.

नवीन मुलामुलींना सांगते, कोटेशन देण्याआधी ड्रॉइंग मागा. 'क्लिअरन्स' दिसला की थांबा; दोन पार्टांमधला असेल तर सुकिमा, कस्टम्सचा असेल तर त्सूकान. आणि मॅच फुकट करू नका, निदान पाव दर लावाच. डेन्शी जिशो विकू नका, वीज गेली तरी चालतो.

गेल्या महिन्यात एका कंपनीने तपासायला एक मॅन्युअल पाठवलं. नोंदींची धाटणी बघूनच ओळखलं, भाषांतर कोणाचं ते. बॉल जॉइंटपुढे 'आसोबी' तसाच होता. तपासणीचा पूर्ण दर लावला, मॅचसकट.