पाताळ भुवनेश्वर: पायरी या शब्दाविषयी थोडेसे

पाताळ भुवनेश्वरच्या गुहेत ‘ऐंशीएक पायऱ्या आहेत, म्हातारी माणसेही आरामात उतरतात’ असे आम्हाला निघण्यापूर्वी तीन निरनिराळ्या माणसांनी सांगितले होते. ते तिघेही खोटे बोलणारे नव्हेत, परंतु पायरी या शब्दाचा त्यांचा अर्थ आणि माझा अर्थ यांत किती अंतर आहे, हे मला गुहेच्या तोंडाशी बसल्यावर कळले.

गुहा उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात, गंगोलीहाटपासून 14 किलोमीटरवर, सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे. काठगोदामपासूनच्या रस्त्याबद्दल आणि चौकोरीच्या मुक्कामाबद्दल तक्रार नाही, म्हणून ते सोडून देतो.

मोबाइल व कॅमेरा बाहेर जमा करावा लागतो, पादत्राणेही काढावी लागतात, आणि वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. तोंड एवढे अरुंद आहे की एका वेळी एकच माणूस आत शिरू शकतो. पुढे सुमारे 90 फूट खोलीपर्यंत जी वाट जाते ती म्हणजे चुनखडीच्या खडकातली तिरपी घळ आहे. तिच्यातल्या खाचांना पायऱ्या म्हणतात, आणि त्या असंख्य अनवाणी पावलांनी घासून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या आहेत. धरायला लोखंडी साखळी आहे, पण ती ओली आणि इतकी गार होती की अर्ध्या वाटेत माझी बोटे बधिर झाली. सह्याद्रीतल्या गडांवर पाठीवर ओझे घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून उभ्याने उतरायचा हट्ट धरला आणि चौथ्या की पाचव्या खाचेवर गुडघा फोडून घेतला. आपण तसे करू नये. खडकाकडे तोंड करून, बसत बसत, खालची खाच पायाने चाचपून मगच भार टाकावा. पायमोजे घालून उतरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. बाहेर येण्याची वाटही हीच असल्यामुळे वरची मंडळी उतरेपर्यंत खालच्यांना ताटकळावे लागते, आणि आमच्या वेळी त्या दाटीत घुसमटल्यासारखे झाले. दम्याचा किंवा बंद जागेच्या भीतीचा त्रास असणाऱ्यांनी जाऊच नये. पावसाळ्यातही जाऊ नये. आमच्या आत्याबाईंनी तोंडाशी वाकून एकदाच पाहिले आणि ‘तुम्ही जा रे बाळांनो’ म्हणून त्या देवदारांच्या सावलीत जाऊन बसल्या. त्या दिवशीचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

आत मात्र जे आहे ते या छळाचे मोल चुकते करते, हे फुटक्या गुडघ्यानिशीही मान्य करावे लागते. गुहा सुमारे 160 मीटर लांब आहे आणि स्कंदपुराणाच्या मानसखंडात तिचे वर्णन आहे, असे मानतात. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी विरघळवते आणि गुहेत ठिबकताना तीच चुनखडी पुन्हा साकळते, हे शाळेत शिकलेले असते. पण पायाखालच्या खडकावरच्या आडव्या वळ्या पाहून वाटाड्या ‘आपण शेषनागाच्या कण्यावर उभे आहात’ म्हणतो तेव्हा आपण नकळत पाय जरा हलका टाकतो. मस्तकविरहित गणेश मानलेल्या खडकावर वरच्या पाषाणी कमळातून थेंब पडतो. एक थेंब टपकून पुढचा लोंबकळत फुगेपर्यंत मी तिथे थांबलो, तर वाटाड्या पुढच्या चमूसाठी घाई करू लागला. घाई मानू नये, थांबावे. तांब्याने मढवलेली ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची तीन लिंगे हे मुख्य पूजास्थान. ते तांबे आदि शंकराचार्यांनी चढवले, अशी परंपरा आहे. लवणस्तंभांना, म्हणजे ठिबकत्या पाण्यातली चुनखडी साकळून झालेल्या खांबांना, हात लावू नये, कारण हाताच्या तेलकटपणामुळे त्यांची वाढ खुंटते.

दुसरी फसगत भाड्याच्या गाडीची. जाऊन-येऊन भाडे ठरलेले असताना आम्ही चिखलाने माखून वर आलो, तेव्हा चालकाने थांबण्याचे पैसे वेगळे मागितले, आणि वाद घालण्याचे त्राण नसल्यामुळे आम्ही ते दिले. थांबण्याचे तास भाड्यात धरले आहेत की नाहीत, हे गाडीत बसण्यापूर्वीच स्पष्ट वदवून घ्यावे. परतीचे दुसरे वाहन तिथे सहज मिळत नाही.

परतताना गंगोलीहाटला कुमाऊँ रेजिमेंटची आराध्य देवता असलेल्या हाट कालिकेचे दर्शन घ्यावे. आत्याबाई तिथे आमच्या पुढे चालत गेल्या, कारण तिथे पायऱ्या आहेत आणि त्या खरोखरच्या पायऱ्या आहेत.