शेवटचा आकडा आधी : आमची वाटचाल

विमानाचं तिकीट विचारायला कुणी आलं की आमच्याकडे पहिल्यांदा एकूण रक्कम सांगितली जाते. मूळ भाडं, इंधन अधिभार (इंधनाच्या खर्चापोटी कंपनी भाड्यावर वेगळे घेते ते पैसे) असेल तर तो, विमानतळाचं शुल्क, जीएसटी आणि आमचा सेवा आकार, सगळं धरून एकच आकडा. त्याची फोड मग कागदावर लिहून देतो. बेळगावात आमचा हा व्यवसाय वीस वर्षांच्या आसपास उभा आहे. त्यातले बरेचसे चढउतार या एका पद्धतीपायी आले, म्हणून वाटचाल लिहायची तर तिथूनच लिहावी लागते.

सुरुवात टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटाजवळ. मी आणि धाकटा भाऊ, एक टेबल, एक फोन आणि पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या बसगाड्यांची तिकिटं. बसच्या तिकिटात गुंतागुंत नव्हती. सांगितलं ते भाडं, तेच तिकिटावर, तेच खिशातून. गिऱ्हाईक मिश्र होतं : शहापूर-वडगावचे साडी व्यापारी, उद्यमबागेतले फौंड्रीवाले, निपाणीचे तंबाखूवाले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून रजेवर निघालेले जवान, मुलाला बेंगळूरला कॉलेजात सोडायला निघालेले आईवडील. यांतल्या बहुतेकांनी विमान फक्त सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, आकाशात पाहिलेलं.

मग स्वस्त विमानप्रवासाचं वारं आलं. कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने २००३ साली उड्डाणं सुरू केली, आणि पुढे त्यांच्या एक रुपयाच्या तिकिटाची चर्चा आमच्या गल्लीबोळांपर्यंत पोचली. मला आजही त्या माणसाबद्दल आदर आहे. विमानात बसणं ही आपल्याही आवाक्यातली गोष्ट आहे, हे त्यांच्यामुळे लोकांना पहिल्यांदा वाटलं. आम्हीही त्याच लाटेवर विमान तिकिटांकडे वळलो. बेळगावहून विमानसेवा तेव्हा कधी असायची, कधी नसायची, त्यामुळे बरीचशी तिकिटं गोव्याच्या दाबोळीहून काढावी लागत आणि चोर्ला घाटातून टॅक्सीने माणसं पोचवावी लागत.

२००६ मध्ये देशातल्या विमान कंपन्यांनी तिकिटावर इंधन अधिभार लावायला सुरुवात केली. पहिल्यांदा तो शे-दीडशेच्या घरात होता, कुणाला फारसा खुपला नाही. पण कच्चं तेल चढत गेलं, २००८ च्या जुलैत पिंपाला १४७ डॉलरपर्यंत पोचलं, आणि विमानाच्या इंधनाने त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीत किलोलिटरला ७१,०२८ रुपयांचा तेव्हाचा उच्चांक गाठला. अधिभार लांबच्या मार्गांवर दोन हजारांच्या पुढे गेला. जाहिरातीतला आकडा मात्र होता तिथेच राहिला. पेपरात मोठ्या अक्षरात ९९, ४९९, ९९९, आणि शेजारी मुंगीएवढी चांदणी. त्या चांदणीखाली लिहिलेलं असे, 'कर व अधिभार वेगळे'. म्हणजे मूळ भाडं पाचशे आणि त्यावरचा अधिभार त्याच्या चौपट, असं तिकीट माणसाच्या हातात पडायचं.

लोक जाहिरातीचं कात्रण घेऊन यायचे आणि आमच्याकडे संशयाने बघायचे. "पेपरात नऊशे नव्व्याण्णव लिवलंय की, आणि तुम्ही चार हजार सांगायलासा?" हा प्रश्न त्या काळात आम्ही रोज ऐकला. फसवणूक आम्ही करतोय असंच त्यांना वाटे. कंपनी दिल्ली-मुंबईत, जाहिरात पेपरात, आणि समोर बसलेले आम्ही. त्यांनी तरी कुणाला विचारायचं?

इंधन महागलं तर भाडं वाढणार, हे खेड्यातल्या माणसालाही समजतं. विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो, महागाईच्या काळात तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्यावर आपल्याकडे राज्यांचा व्हॅट, कारण विमानाचं इंधन अजून जीएसटीबाहेर आहे. हे सगळं मान्य. पण इंधनाशिवाय विमान उडतच नाही, मग त्याचा खर्च भाड्याबाहेर कसा? आमच्या गणपत गल्लीतली भाजीवाली वांग्याचा भाव एक सांगून वर टेंपोच्या डिझेलचे वेगळे पैसे मागत नाही. भाव वाढला तर ती सरळ वाढलेला भाव सांगते, पटला तर घ्या.

अधिभार वेगळा ठेवण्यात कंपन्यांचा फायदा होता, आणि तो जाहिरातीपुरता नव्हता. एजंटाचं कमिशन मूळ भाड्यावर निघायचं, अधिभारावर नाही. भाडं जितकं अधिभाराच्या रकान्यात सरकवलं तितकं कमिशन आटलं. आखाती देशांच्या तिकिटांवर तर हे ठळक दिसायचं. मस्कतला मुलाकडे निघालेल्या खानापूरच्या मावशींच्या तिकिटावर मूळ भाडं किरकोळ आणि 'वायक्यू' नावाच्या रकान्यात भली मोठी रक्कम. हा वायक्यू म्हणजे विमान कंपनीनेच लावलेला अधिभार. तिकिटावर तो करांच्या रांगेत छापला जातो, म्हणून लोकांना वाटतं पैसे सरकारला गेले. त्यातला एक रुपयाही सरकारचा नसतो. मावशींनी विचारलं होतं, "एवढा टॅक्स कशाला रे बाबा?" तो टॅक्स नव्हे हे त्यांना समजावताना मला कंपनीचा राग आला होता, तो अजून गेलेला नाही.

२००८ च्या अखेरीस मोठ्या विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशनच बंद करायचं ठरवलं. आमच्यासारख्या छोट्या दुकानांपुढे प्रश्न उभा राहिला : आता जगायचं कशावर? बाजारातला सोपा मार्ग सगळ्यांना दिसत होता. कंपनीचं तिकीट चार हजारांचं असेल तर गिऱ्हाइकाला साडेचार सांगायचे, मधले पाचशे 'सरचार्ज वाढला' म्हणून झाकायचे. लोकांना फोड कळत नव्हती, त्यामुळे झाकलेलं कधी उघडं पडलंही नसतं. भावाने आणि मी त्या रात्री बसून ठरवलं की असं करायचं नाही. छापील चिठ्ठी काढायची. तिच्यावर चार ओळी : मूळ भाडं, अधिभार, कर आणि विमानतळ शुल्क, आमचा सेवा आकार. खाली जाड अक्षरात एकूण. आणि तोंडी बोलताना हा खालचा आकडाच आधी सांगायचा. चिठ्ठी मराठीत, मागितली तर कन्नडमध्येही.

त्यानंतरचा काळ कठीण गेला. कारण फोनवर भाव विचारणारा माणूस दोन-तीन ठिकाणी विचारतो. बाकीचे मूळ भाडं सांगत, आम्ही एकूण. साहजिकच आम्ही महाग ठरत होतो. निपाणीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तर नातं तोडल्यासारखं केलं. नंतर दुसरीकडचं तिकीट आणि आमची जुनी चिठ्ठी शेजारी ठेवून त्यांनी स्वतःच हिशोब केला आणि परत आले. पण सगळेच परत आले नाहीत, आणि खरं सांगून धंदा आपोआप वाढतो हे मी तरी कुणाला सांगणार नाही. वाढला तो उद्यमबागेतल्या कारखान्यांमुळे. त्यांच्या हिशोबनिसांना प्रत्येक तिकिटाची फोड लागायची आणि आमची चिठ्ठी थेट व्हाउचरला जोडता यायची.

त्याच सुमारास जगभर या अधिभाराची झाडाझडती चालली होती. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांनी २००४ ते २००६ दरम्यान लांबच्या उड्डाणांवरचा इंधन अधिभार आपसात बोलून ठरवला होता. तो पाच पौंडांवरून साठ पौंडांपर्यंत नेला गेला. २००७ मध्ये ब्रिटिश एअरवेजला ब्रिटनमध्ये १२ कोटी १५ लाख पौंडांचा दंड जाहीर झाला, जो पुढे कमी झाला, आणि अमेरिकेत ३० कोटी डॉलरचा. युरोपीय संघाने २००८ च्या नियमातच लिहून ठेवलं की जाहिरातीत अंतिम भाडं दाखवलंच पाहिजे. अमेरिकेत २०१२ पासून तसंच झालं.

आपल्याकडे मालवाहतुकीवरच्या इंधन अधिभाराचं प्रकरण स्पर्धा आयोगापुढे गेलं. मे २००८ मध्ये किलोमागे पाच रुपयांनी तो सुरू झाला होता, आणि तक्रार अशी होती की इंधन उतरलं तरी हा उतरत नाही, उलट कंपन्या तो एका सुरात वाढवतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये आयोगाने जेट, इंडिगो आणि स्पाइसजेटला दंड केला. अपिलात तो आदेश रद्द झाला, फेरसुनावणी झाली आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा दंड झाला, पूर्वीपेक्षा बराच कमी. कुरिअरवाल्या व्यावसायिकांच्या संघटनेने एवढी वर्षं हे लावून धरलं. प्रवाशांची एवढ्या नेटाने लावून धरणारी संघटना माझ्या पाहण्यात नाही. प्रवासी वर्षातून एकदा-दोनदा तिकीट काढतो, चडफडतो आणि विसरतो.

प्रवाशाच्या पदरात थेट काही पडलं असेल तर ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ऑगस्ट २०१६ पासूनच्या परताव्याच्या नियमांमुळे. तिकीट रद्द केलं तर कंपनी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त कापू शकत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावीच लागतात, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी. हे फार कमी लोकांना माहीत आहे. एका जवानाची रजा ऐनवेळी रद्द झाली, त्याने घरच्यांचीही तिकिटं काढलेली होती. कंपनीच्या फोनवर उत्तर मिळालं, काही मिळणार नाही. आम्ही नियमाचा उतारा जोडून लिहिलं, पुन्हा लिहिलं, आणि कर व शुल्काची रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली. रक्कम मोठी नव्हती, पण ती त्याची होती. तेव्हापासून रद्द तिकिटांचा पाठपुरावा हे आमच्या कामाचं नेमाचं अंग झालं.

छोट्या शहरांना स्वस्तात विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेने सांबऱ्याला २०१९ नंतर बहर आला. स्टार एअरची छोटी विमानं आली, नवी शहरं जोडली गेली. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, ही घोषणा सगळ्यांच्या कानावर होती. प्रत्यक्षात हा मर्यादित दर विमानातल्या साधारण निम्म्याच जागांना होता आणि कंपनीला मिळणारं अनुदान तीन वर्षांपुरतं. हे आम्ही प्रत्येकाला सांगत होतो, कारण उरलेल्या जागेचं तिकीट हातात पडल्यावर 'योजनेतच घोटाळा आहे' असं म्हणत माणूस घरी गेला असता. पुढे अनुदान संपल्यावर काही मार्ग बंदही पडले, तेव्हा लोकांना धक्का कमी बसला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोने इंधन शुल्क पुन्हा लावलं. अंतराच्या टप्प्यांप्रमाणे ३०० ते १,००० रुपये. पाचशे किलोमीटरच्या आतल्या टप्प्यात बसणाऱ्या बेळगाव-बेंगळूरला ३००, आणि त्याच सुमारास थेट विमान सुरू झालेल्या दिल्लीला ५५०. टप्पे जाहीर होते, हे मला आवडलं. ४ जानेवारी २०२४ ला इंधन उतरल्याचं कारण देऊन ते काढूनही टाकलं, हे त्याहून चांगलं. अधिभार लावायचाच असेल तर तो असाच असावा : कशासाठी, किती, आणि कधी जाणार हे उघड. तरीही एक गोष्ट मला टोचते. मूळ भाडं तासातासाला बदलत असताना ३०० रुपये खरोखर कमी झाले की दुसऱ्या रकान्यात गेले, हे तपासायला प्रवाशाकडे काहीच साधन नाही. खरी तपासणी एकाच आकड्याची होऊ शकते, शेवटच्या. म्हणून तोच मोठ्या अक्षरात हवा.

आता जाहिरात पेपरातून मोबाइलवर गेली. पहिल्या पानावर एक भाडं, पुढे सीटचे पैसे, मग विम्याची खूण आधीच केलेली, आणि पैसे भरताना 'कन्व्हिनियन्स फी'. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत थेंबाथेंबाने किंमत वाढवत नेण्याच्या आणि न मागितलेली वस्तू गुपचूप जोडण्याच्या या प्रकारांना बंदी घातली आहे. बंदी आहे म्हणून प्रकार थांबले असं मात्र आमच्या टेबलावरून दिसत नाही. कॉलेजची मुलंही मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "सर, इथं तीन हजार दाखवलेलं, शेवटी चार कसे झाले?"

आम्हीही चिठ्ठी आता व्हॉट्सअॅपवर पाठवतो. भावाच्या मुलीने तिचा नमुना नव्याने केला. गोव्याहून प्रवास असेल तर दाबोळी की मोपा, तिथल्या दोन विमानतळांपैकी कोणता, हे ठळक, आणि टॅक्सीचा खर्चही त्याच बेरजेत, कारण मोपा सुरू झाल्यापासून स्वस्त तिकीट भलत्याच विमानतळाचं निघाल्याची उदाहरणं आम्ही पाहिली. सांबऱ्याहूनचं महाग वाटणारं तिकीट टॅक्सी धरल्यावर पुष्कळदा स्वस्त पडतं. चिठ्ठीवर भाव कोणत्या वेळी पाहिला ती वेळही असते, आणि आमचा सेवा आकार स्वतंत्र ओळीत, आधी होता तसाच.

तिकीट दुसरीकडे काढलेलं असलं तरी चालेल, फोड समजून घ्यायची असेल किंवा रद्द तिकिटाचे कर परत मागायचे असतील तर घेऊन या. त्याचे आम्ही पैसे घेत नाही. पीएनआर क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती तेवढी सोबत असू द्या.