तोरंगणच्या वाटेवरचा वाघोबा

नवे बूट घालून वारीला जाऊ नये, हे मला मोखाड्याला पोचेपर्यंत कळलं होतं. दिंडीतली निम्मी माणसं साध्या चपलांत, दोन-तीन म्हातारे अनवाणी, आणि मी ठाण्याहून आणलेल्या बुटांत लंगडतोय. रात्री मुक्कामाला एका मावशीने माझा पाय मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोरा आतच ठेवून गाठ मारली. "पाणी झिरपंल रातभर. कातडी ओढू नको." सकाळी फोड बसला होता.

पंढरीची वारी सगळ्यांना ठाऊक असते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि तिला आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून दिंड्या चालत जातात, हे ठाण्यात माझ्या शेजारच्यांनाही नवीन होतं. "आदिवासी आणि वारकरी?" असं एकाने विचारलं होतं. आम्ही वारली. माझ्या आज्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्याच्याच घरात मोरपिसांच्या जुडीतला हिरवा देवही होता, आणि भात झोडून झालं की कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, हात जोडल्याशिवाय दाणा कणगीत पडत नसे. माळ घातल्यावर कोंबडं सुटलं आणि दारू सुटली. देव मात्र एकही सुटला नाही.

तरी हे सरळ कधीच नव्हतं. गावदेवीला कोंबडं द्यायची वेळ आली की माळकरी घरं बाजूला उभी राहतात, वर्गणी देतात, प्रसाद घेत नाहीत. काही कीर्तनकार येऊन "दगडधोंडे सोडा" असं सांगून जातात, तेव्हा माझं डोकं तापतं. मी स्वतः फारसा देवभोळा नाही. बाबा गेले त्या वर्षी त्यांची वारी चुकायला नको म्हणून पहिल्यांदा चाललो, हे तिसरं वर्ष.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याकडेच्या एका होमस्टेच्या आवारात आम्हाला चहा मिळाला. मालकाने मनापासून दिला, त्याबद्दल तक्रार नाही. मागच्या भिंतीवर मात्र लग्नाचा चौक, म्हणजे चौकोनी वारली चित्र, काढलेला, मधोमध लग्नाची देवी पालघाट, आणि तिच्या खाली वॉश बेसिन. आमच्यात चौक 'लिहितात'. लग्न असेल तेव्हाच, सवाशिणींनी, तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून. जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र घरच्या भिंतीवरून कागदावर आणलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आज कितीतरी पोरांचं घर त्यावर चालतं. ते चालावंच. पण ज्या बाईने ती भिंत लिहिली तिला रोजावर किती मिळाले, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि ते अजून टोचतंय.

तिथे मुंबईची काही मंडळी उतरली होती. त्यांतल्या एका ताईंनी विचारलं, "आज तारपा डान्स आहे का?" तारपा म्हणजे आमचं भोपळ्याचं फुंकवाद्य. आमच्या विणेकरी बाबांच्या गळ्यात वीणा, कपाळाला बुक्का. ते हसून म्हणाले, "तारपा भाताच्या दिसांत, ताई. आता टाळ." ताईंचा चेहरा पडला. आदिवासी संस्कृती बघायला त्या दोनशे रुपये टोल भरून आल्या असतील, आणि ती समोर बशीत चहा ओतून पीत बसली होती. फोटो काढला नाही त्यांनी.

तोरंगण घाटाच्या अलीकडे, झाडाखाली, एक लाकडी फळी रोवलेली आहे. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, शेंदराने इतका थापलेला की पट्टे आता हाताने चाचपूनच कळतात. अंधार पडत आला होता. मला वाटलं दिंडी पुढे जाईल. विणेकरी बाबा थांबले, पताका थांबल्या. त्यांनी नारळ फोडला, डबीतला बुक्का काढून वाघाच्या कपाळाला लावला, नंतर तेच बोट आमच्या कपाळाला.

"बाबा, माळकऱ्याला चालतं हे?" मी विचारलं.

"निवृत्तिनाथांना गुरू कसा भेटला?"

ती कथा मला येत होती. आईबाप-भावंडांबरोबर ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू, रात्रीची वेळ, वाघ आडवा आला, सगळे पांगले, आणि वाट चुकलेला निवृत्ती शिरला तो थेट गहिनीनाथांच्या गुहेत.

"मंग? वाघ आला नसता तर?" बाबांनी वीणा सावरली. "रानात राहायचं नि वाघाशी वाकडं धरायचं होय?"

त्र्यंबकला समाधीच्या रांगेत उभं राहायचं बळ माझ्या पायांत उरलं नव्हतं. कळसाला हात जोडले, कुशावर्त कुंडात पाय बुडवले, जीपने परत आलो.

आजी ओसरीवर बसली होती. प्रसादाची पुडी तिच्या हातात दिली. तिने ना गर्दीचं विचारलं, ना पायाचं.

"घाटात नारळ दिला ना त्याला?"

"दिला."

पुडी सोडून तिने चार साखरफुटाणे आधी मोरपिसांच्या जुडीपुढे ठेवले आणि मग उरलेले पोरांना हाका मारून वाटायला घेतले.