पिवळ्या घरातून गुलाबी दिसतं

रंगीत घराची एक गंमत असते, त्यात राहणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. पिवळ्या घरातल्या बाईने खिडकी उघडली की तिला समोरचं गुलाबी घर दिसणार आणि गुलाबीवालीला पिवळं. म्हणजे रंगाचा खर्च तुमचा आणि मजा समोरच्याची. आणि समोर घर नसून समुद्र असेल तर मग मजा फक्त होडीतून जाणाऱ्यांची, नाहीतर आमच्यासारख्यांची, जे स्टुडंट डिस्काउंटचं तिकीट काढून शनिवारी सकाळी येतात, फोटो काढतात आणि रविवारी रात्री परत असाइनमेंटला लागतात.

हे सगळं डोक्यात आलं चिंक्वे तेर्रेला, म्हणजे इटलीच्या समुद्रकाठच्या डोंगरातल्या पाच गावांत. इटलीत शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तिथला तो एक फोटो असतोच, त्यातल्या मानारोला गावाचा, काळ्या कड्यावर एकमेकांना धरून उभी असलेली रंगीबेरंगी घरं आणि खाली निळं पाणी. तो नसेल तर तुम्ही खरंच इटलीत होतात का अशी शंका घेतली जाते. मिलानचा हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकच राखाडी शेड, आकाश राखाडी, बिल्डिंगा राखाडी, लोकांचे कोटसुद्धा राखाडी, त्यामुळे मार्चमध्ये पहिलं बरं ऊन पडलं आणि कोणीतरी म्हणालं चला रंग बघून येऊ, तेव्हा थिसिस असलेल्यांनीसुद्धा नाही म्हटलं नाही. आमच्यात एक नागपूरवाली होती जिला समुद्र दिसला की बाकी काही ऐकू येत नाही, आणि एक देवगडचा, ज्याला समुद्राचं काडीचं कौतुक नव्हतं. तो चिक्कार सामोसे करून आणतो म्हणून आम्ही त्याला सगळीकडे नेतो.

मिलानहून ट्रेनने साधारण तीन तास. जेनोवा गेलं की गाडी किनाऱ्याला लागते आणि मग लपाछपी सुरू, बोगदा, दोन सेकंद समुद्र, परत बोगदा. फोन काढेपर्यंत अंधार. पाच गावं आहेत, मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे, आणि दोन गावांमध्ये ट्रेनने तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे सीटवर बसायचीसुद्धा गरज नाही. ही रेल्वे आली १८७४ च्या सुमारास, त्याआधी इथे यायचं तर होडीने किंवा खेचराच्या वाटेने. आजसुद्धा मोटारगाड्या गावाच्या बाहेरच थांबतात, आत फक्त पायी. आम्ही राहिलो ला स्पेत्सियाला, ते जरा मोठं, नौदलाचं शहर आहे, कारण गावातल्या खोल्यांचे भाव बघून नागपूरवालीने फोन उलटा ठेवून दिला होता.

तर रंग. फिकट गुलाबी, गेरूसारखा लाल, मध्येच लिंबू पिवळा, मग एक असा केशरी की ज्याला ऊन लागलं की तो वेगळाच दिसतो. खिडक्यांची झडपं मात्र जवळजवळ सगळीकडे हिरवी. ही झडपं मला रंगांपेक्षा जास्त आवडली. लाकडी पट्ट्यांची असतात आणि खालचा अर्धा भाग वेगळा बिजागरीला लावलेला, तो नुसता बाहेर ढकलून तिरका ठेवता येतो. म्हणजे ऊन आत येत नाही, वारा येतो आणि आत बसलेल्या माणसाला खालच्या गल्लीत कोण आलं कोण गेलं सगळं दिसतं पण त्याचं तोंड कोणाला दिसत नाही. ज्याने हे शोधून काढलं त्याला गल्लीतल्या माणसांची पूर्ण कल्पना होती. माझ्या आजीला असं एक झडप मिळालं असतं तर तिने टीव्ही घेतलाच नसता.

घरं उंच आणि अरुंद आहेत, चार-चार मजले, एकावर एक, कारण सपाट जागाच नाही. डोंगराच्या उतारावर असल्यामुळे पुढच्या दाराने शिरलात की तळमजला आणि वर चढून मागच्या दाराने निघालात की दुसऱ्या गल्लीचा पुन्हा तळमजला. पत्ता कसा सांगत असतील देव जाणे.

घरं रंगीत का, याची गोष्ट सगळे सांगतात. कोळी समुद्रावरून परत येताना त्यांना आपापलं घर लांबून ओळखू यावं म्हणून प्रत्येकाने वेगळा रंग दिला. गोष्ट गोड आहे, रील्सना एकदम फिट बसते, पण मला पटत नाही. एकतर ही गावं मुळात कोळ्यांची कमी आणि द्राक्षं लावणाऱ्या शेतकऱ्यांची जास्त. मोंतेरोस्सोला मासेमारी होती, तिथले अँचोव्ही अजून प्रसिद्ध आहेत, वेर्नात्साला छोटं बंदर आहे, पण कोर्निल्या तर समुद्रापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलंय, स्टेशनवरून गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत, तिथल्या कुठल्या शेतकऱ्याला होडीतून घर ओळखायचं होतं? आणि समजा ओळखायचं असेलच, तरी शेकडो वर्षांच्या गावात स्वतःचं घर शोधायला रंग लागत असेल तर त्या माणसाचा प्रॉब्लेम वेगळा आहे.

त्या पायऱ्या चढून आम्ही वर पोचलो तेव्हा कट्ट्यावर एक आजी बसल्या होत्या, पायाशी भाजीची पिशवी. माझं इटालियन हे परीक्षेपुरतं, पण दम लागलेला असला की धीर येतो. मी विचारलं, आजी हे रंग तुम्ही ठरवता का? त्या हसल्या. म्हणाल्या मनात आला तो रंग देता येत नाही, परवानगी लागते, ठरलेल्या छटांमधूनच घ्यायचा. मग हाताने भिंत दाखवली, समुद्राच्या बाजूची, पोपडे निघालेली, आणि म्हणाल्या, इकडची बाजू मीठ खातं. रंग द्या, मीठ खाणार, परत द्या, परत खाणार. कुठला रंग आवडतो विचारलं तर खांदे उडवले. मला वाटलं काहीतरी मस्त उत्तर येईल, जे मला लिहिता येईल. त्यांना मात्र आमच्यापैकी कोणीतरी पिशवी वरच्या गल्लीपर्यंत नेईल का यात इंटरेस्ट होता. देवगडच्याने नेली.

परत येताना तो अर्धा तास गायब. आम्ही जिलाटो संपवून बसलो तरी पत्ता नाही. शोधायला गेलो तर साहेब द्राक्षांच्या मळ्याच्या कडेला उकिडवे बसलेले आणि भिंतीचा फोटो काढतायत. रंगीत नाही, साधी दगडाची भिंत, कंबरेएवढी. मला बघून म्हणाला, "ह्यो गडगो बघ. सिमेंटाचो एक थेंब नाय."

तोपर्यंत खरं सांगायचं तर आम्ही कोणी त्या भिंतींकडे बघितलंच नव्हतं आणि त्याने दाखवल्यावर मग त्याच दिसायला लागल्या. आख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे, प्रत्येक पायरीला एक गडगा, त्याच्यामागे मातीची चिंचोळी पट्टी, त्यात द्राक्षं किंवा ऑलिव्ह, मग परत गडगा, असं पार वरपर्यंत. जवळजवळ हजार वर्षं लोक हे रचत आलेत, हाताने. लांबी सांगताना लोक थेट चीनच्या भिंतीशी तुलना करतात. युनेस्कोने १९९७ मध्ये या भागाला जागतिक वारसा म्हटलं ते माणसाने घडवलेल्या या डोंगरासाठी, नुसत्या रंगीत घरांसाठी नाही. १९९९ मध्ये नॅशनल पार्क झालं, आणि २०१८ मध्ये चुन्याशिवाय दगड रचायच्या कलेलासुद्धा युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, इटलीसकट आठ देशांच्या नावावर.

देवगडच्याच्या घरी आंब्याची कलमं आहेत आणि त्यांच्याभोवती जांभ्याचे गडगे, त्यामुळे तो या विषयावर सुटला तो सुटलाच. चुना-सिमेंट का नाही घालायचं, तर पाणी. पाऊस पडला की डोंगरात पाणी मुरतं आणि ते बाहेर यायला वाट मागतं. दगडांच्या फटीतून ते झिरपून जातं. तुम्ही सिमेंटने फटी बुजवल्या की पाणी मागे साचतं, भिंतीला पोट येतं आणि एक दिवस सगळी माती घेऊन ती खाली येते. दगड आतल्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, मोठे खाली, बारीक चिपा मागे भरायच्या, आणि दरवर्षी एकदा फिरून बघायचं कुठला सुटलाय. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, तो म्हणाला, बांधून विसरलास तर गडगा नाही, दगडांचा ढीग.

आणि नेमकं तेच इथे झालंय. या उतारावर ट्रॅक्टर चालत नाही. बारीक रुळावरून चढणारी एक खेळण्यासारखी मोनोरेल आहे ती द्राक्षांच्या पेट्या वर-खाली नेते, बाकी सगळं पाठीवर. शाक्केत्रा नावाची इथली गोड वाइन करायची तर द्राक्षं आधी कित्येक आठवडे सुकवायची, मग शंभर किलोमधून पंचवीस-तीस लिटर निघते, म्हणून तिची बाटली बघून आम्ही फक्त बाटलीच बघितली. एवढी मेहनत करण्यापेक्षा घराची खोली पर्यटकांना दिलेली बरी, हे कोणालाही कळतं, मीही तेच केलं असतं. तरुण लोक शहरात गेले, वरचे मळे सुटले, गडगे फुगून पडायला लागले. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत प्रचंड पाऊस झाला आणि डोंगरावरचा चिखल-दगड मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सावर आला, वेर्नात्साच्या मुख्य रस्त्यावरची दुकानं अख्खी गाडली गेली, गाव रिकामं करावं लागलं. पाऊसच तेवढा होता हे खरं, पण वरचे सोडून दिलेले मळेही त्यात होते असं म्हणतात. वेर्नात्साला आज तो रस्ता बघितला तर आइस्क्रीमची दुकानं, छत्र्या, गुलाबी-पिवळ्या भिंती, काही झालं होतं असं वाटत नाही. देवगडचा मात्र तिथे वर डोंगराकडेच बघत चालत होता. दरडीखाली गेलेलं तळिये आपल्याकडे सगळ्यांच्या लक्षात आहे, कोकणातल्यांच्या जरा जास्त.

बाकी जे सगळे करतात ते आम्हीही केलंच. रिओमाज्जोरे ते मानारोला कड्यात खोदलेली ती प्रेमाची वाट आहे, दरड कोसळून २०१२ मध्ये बंद झाली ती थेट २०२४ मध्ये उघडली, जेमतेम एक किलोमीटरची वाट आणि बारा वर्षं. तिच्यासाठी वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ. चालायला वीस-पंचवीस मिनिटं, पण प्रत्येक वळणावर कोणीतरी कोणालातरी मिठी मारून फोटो काढत असल्यामुळे ट्रॅफिक जाम. डोंगरातल्या पायवाटांवर मात्र नीट बूट पाहिजेत, सपाता घालून गेलात तर ५० युरोपासून २५०० युरोपर्यंत दंड. हे वाचून देवगडचा इतका हसला की बोर्डासमोरून हलेना, त्याची आजी म्हणे अजून अनवाणी सड्यावर जाते.

खाणं म्हणाल तर फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, परत फोकाच्चा आणि मग फारिनाता, हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली, कडेला कुरकुरीत. बजेटात बसते आणि पोट भरतं. पेस्तोचा, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीचा, इथे इतका अभिमान की मिलानमध्ये मी बरणीतला खाते हे मी तिथे कोणाला बोलले नाही.

संध्याकाळी मानारोलाच्या त्या फोटोच्या जागेवर आम्हीही उभे राहिलो. लाइन होती. नागपूरवालीने एका कोरियन जोडप्याचे फोटो काढून दिले, त्यांनी आमचे. ऊन उतरायला लागलं की ती घरं खरंच अशी काही पेटतात की सगळे टोमणे गिळावे लागतात, मी गिळले. फोटो छान आला. त्या फोटोत घरांच्या वर, डोक्यावर, ते गडगे दिसतात, पण कळायला झूम करावं लागतं, आणि फिल्टर लावला की दगड आणि झुडपं एकच होतात. घरांच्या रंगाला परवानगी लागते, यादी लागते, बघायला आम्ही येतो. गडग्यावर कोणाची नजर नसते आणि वरून खाली येणाऱ्या डोंगराला तोच अडवतो. मला वाटतं पायवाटांसाठी पार्कच्या ज्या कार्डाचे आम्ही पैसे भरले त्यातले थोडे तरी तिकडे जात असतील तर ते सगळ्यात बरे गेले. पार्कवाले पायवाटा आणि भिंतींसाठी त्यातून खर्च करतात म्हणे.

परतीच्या गाडीत सगळ्यांनी आपापले फोटो घरी पाठवले. माझ्या आईने लगेच फोन केला, फोटोतल्या प्रत्येक खिडकीबाहेर कपडे वाळत होते ते तिने हेरलं होतं, आणि समुद्राजवळ एवढ्या खाऱ्या हवेत कपडे वाळतात का गं, ओलसरच राहत असतील, हा तिचा प्रश्न. नागपूरच्या काकूंनी हार्ट पाठवले, ओळीने. देवगडच्याने घरी एकही रंगीत घर पाठवलं नव्हतं, नुसते गडगे, लांबून, जवळून, एक तर फक्त कोपऱ्याचा. जेनोवा यायच्या सुमारास त्याच्या बाबांचा व्हॉइस मेसेज आला, त्याने स्पीकरवर लावला. आधी थोडा वेळ मागे कोंबडा, मग बाबा म्हणाले, "तिसऱ्या फोटोत खालचो दगड सरकलेलो दिसता. पावसाच्या आधी बसवून घेऊक सांग तेंका."

मी म्हटलं त्यांना सांग, इथला मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो, वेळ आहे अजून. त्याने तेही टाइप करून पाठवलं.